हिवतापाचा वैरी : सर रोनाल्ड रॉस
(संस्थेच्या अमृतमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेत आम्हीही चार शब्द बोलावेत, असा निरोप चिटणीसांनी धाडला तेव्हा आम्ही प्रथम नकारच कळविला होता. आम्ही डॉक्टर नव्हे, वक्तेही नव्हे. चौतीस वर्षे शाळेत शास्त्र हा विषय शिकविला, एवढेच आमचे भांडवल. पण चिटणीस घरी येऊन बसले आणि म्हणाले, "सर, आपला दवाखाना पंचाहत्तर वर्षांचा झाला. एखाद्या मोठ्या डॉक्टराचे चरित्र सांगा. मुलेही ऐकतील." मुलांचे नाव निघाल्यावर शिक्षकाला नाही म्हणवत नाही.

मोठा डॉक्टर म्हटल्यावर आमच्या डोळ्यांपुढे एकच नाव उभे राहिले. हा गृहस्थ इंग्रज, लिव्हरपूलला प्राध्यापक झालेला, लंडनला देह ठेवलेला. पण त्याच्या आयुष्यातला सर्वांत मोठा दिवस उगवला तो येथे, आपल्या शेजारी सिकंदराबादेत. सर रोनाल्ड रॉस हे ते नाव. बेगमपेटला जुन्या विमानतळाजवळ त्यांच्या नावाची वास्तू आहे आणि ती उस्मानिया विद्यापीठाकडे आहे. आपल्यापैकी किती जणांनी ती पाहिली आहे, असे विचारून आम्ही कोणास लाजवीत नाही. कारण आम्हीही या शहरात जन्म काढून वयाच्या पन्नाशीपर्यंत ती पाहिली नव्हती.

रॉस यांचा जन्म १३ मे १८५७ रोजी हिमालयातील अलमोडा येथे झाला. मीरतेस उठावाची ठिणगी पडून तेव्हा तीनच दिवस झाले होते. वडील हिंदुस्थानातील फौजेत अधिकारी. दहा भावंडांत रोनाल्ड थोरले. आठव्या वर्षी त्यांना शिक्षणासाठी विलायतेला नातेवाइकांकडे धाडण्यात आले. मुलाला चित्रकार व्हावेसे वाटे, कविता कराव्याशा वाटत, संगीत रचावेसे वाटे. वडिलांनी ठरविले की मुलाने डॉक्टर व्हायचे आणि हिंदुस्थानच्या वैद्यकीय नोकरीत शिरायचे. आपल्या घरांतूनही असे निर्णय अजून होतात, म्हणून हा भाग आम्ही लांबवीत नाही. १८७४ साली लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाच्या महाविद्यालयात त्यांचे नाव घातले गेले. तेथे त्यांनी अभ्यास बेताचाच केला आणि नाटके व काव्ये पुष्कळ लिहिली. एक परीक्षा उतरले, दुसरीत नापास झाले. काही काळ अटलांटिक ओलांडणाऱ्या आगबोटीवर डॉक्टर म्हणून काढला, परीक्षा पुन्हा दिली आणि १८८१ साली इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल होऊन ते मद्रास इलाख्यात आले.

येथे एक गोष्ट मुलांनी ध्यानात ठेवावी. पुढे ज्याला नोबेल पारितोषिक मिळाले तो विद्यार्थी पहिल्या नंबराचा नव्हता. नोकरीची पहिली सात वर्षेही त्यांनी फार मोठे काही केले नाही. छावणीतले काम थोडे, वेळ भरपूर. त्या वेळात ते गणिताची पुस्तके घेऊन बसत, कादंबऱ्या लिहीत. या गणिताच्या नादाचा पुढे केवढा उपयोग झाला, ते यथाक्रम येईलच.

त्या काळातला बंगलोरचा एक प्रसंग आम्हांस फार आवडतो. १८८३ साली ते तेथील छावणीत शस्त्रवैद्य होते. राहण्याचा बंगला चांगला, पण खोलीत डासांचा सुळसुळाट. शोध घेता खिडकीजवळ पाण्याचे एक पिंप आढळले. त्यात अळ्या वळवळत होत्या. रॉस यांनी पिंप उपडे केले आणि डास कमी झाले. मग छावणीतील वरिष्ठ अधिकाऱ्याला त्यांनी सुचविले की, भोजनगृहाजवळचीही पिंपे आणि भांडी अशीच रिकामी करावीत. अधिकाऱ्याने साफ नकार दिला. म्हणणे असे की, डास हे निसर्गाच्या व्यवस्थेचा भाग आहेत. ते ज्या अर्थी निर्माण झाले त्या अर्थी त्यांचा काही हेतू असणार. ते सोसणे हेच आपले कर्तव्य! आपण हसलात. आम्हीही हसलो होतो. पण या पिंपाकडे आम्हांस शेवटी पुन्हा यायचे आहे, तेव्हा हसू थोडे राखून ठेवावे.

आता रोगाविषयी. आपल्या भाषेत याला हिवताप म्हणतात, आणि हा शब्द मोठा नेमका आहे: आधी हीव भरते, मग ताप चढतो. दिवसाआड येणारा ताप, तिजारी, असे भेद आपल्या आज्यांना तोंडपाठ असत. जुन्या वैद्यकात विषमज्वर हा शब्द आहे. मलेरिया हा शब्द इटालियन भाषेतला. त्याचा अर्थ वाईट हवा. दलदलीतून दूषित हवा उठते आणि ती अंगी लागून ताप येतो, अशी समजूत शेकडो वर्षे होती. औषध म्हणजे कोयनेल. आपल्या दवाखान्याच्या अगदी पहिल्या हिशेबवहीत, आम्ही मुद्दाम काढून पाहिले, कापूस आणि टिंक्चर यांच्या खालीच 'कोयनेल गोळ्या' अशी नोंद आहे.

१८८० साली अल्जीरियात लाव्हरां या फ्रेंच लष्करी डॉक्टराला हिवतापाच्या रोग्याच्या रक्तात एक सजीव परोपजीवी दिसला. म्हणजे रोगाचे कारण हवा नव्हे, हे कळले. पण तो जीव रक्तात शिरतो कोठून, हे कोडे राहिले. गंमत अशी की, रॉस यांचा प्रथम लाव्हरांवर विश्वासच नव्हता. त्यांनी स्वतः पुष्कळ रक्त तपासले, काही सापडले नाही, आणि हिवताप आतड्यांतील बिघाडाने होतो असे त्यांनी लिहूनही टाकले. १८९४ साली ते रजेवर लंडनला गेले असता पॅट्रिक मॅन्सन यांची भेट झाली. मॅन्सन यांनी चीनमध्ये असताना हत्तीरोगाचे जंतू डासाच्या शरीरात वाढतात हे १८७७ च्या सुमारास दाखविले होते. त्यांनी रॉस यांना सूक्ष्मदर्शकाखाली लाव्हरांचे परोपजीवी प्रत्यक्ष दाखविले आणि आपली शंका बोलून दाखविली, की हिवतापही डासच वाहत असावा. रॉस यांनी आपले छापलेले मत सोडून दिले. छापलेले मत सोडणे किती कठीण असते, हे या सभेतील लेखक मंडळींना सांगायला नको.

१८९५ साली ते परतले आणि त्यांची नेमणूक सिकंदराबादेस झाली. पुढली दोन-अडीच वर्षे म्हणजे या चरित्राचा गाभा आहे.

मॅन्सन यांचा तर्क अर्धाच बरोबर होता. त्यांना वाटे की, डास पाण्यात मरतो, त्याच्यातील जंतू पाण्यात उतरतात आणि ते पाणी पिऊन माणसाला ताप येतो. रॉस यांनी त्या मार्गाने जाऊन काही माणसांना असे पाणी पाजूनही पाहिले. आजच्या नीतीने हे कोणी मान्य करणार नाही, आणि ते येथे झाकून ठेवावे असे आम्हांस वाटत नाही. निष्कर्ष मात्र काहीच निघाला नाही. मधेच त्यांची बंगलोरला बदली झाली, कारण तेथे पटकीची साथ होती. उटीजवळच्या घाटात हिवतापाचा शोध घेताना त्यांना स्वतःलाच हिवताप झाला. जून १८९७ मध्ये ते पुन्हा सिकंदराबादेत आले.

आपण उन्हाळा-पावसाळ्याच्या सांध्यावरचा इथला उकाडा जाणताच. त्या उकाड्यात हा मनुष्य दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसे. पंखा चालविता येत नसे, कारण वाऱ्याने कापलेला डास उडून जाई. कपाळाचा आणि हातांचा घाम पडून यंत्राचे स्क्रू गंजले होते; भिंगालाही तडा गेलेला. डास इवलासा, त्याचे पोट त्याहून इवले, आणि त्या पोटाची एक-एक पेशी न्याहाळायची. असे डास त्यांनी किती फाडले, पण सारे व्यर्थ. याचे कारण आज आपल्याला ठाऊक आहे: ते चुकीच्या जातीचे डास तपासत होते. डासांच्या जाती असतात, आणि माणसाचा हिवताप एकच कूळ वाहते, हे तेव्हा कोणास माहीत नव्हते.

ऑगस्टच्या मध्यास नोकरांनी वेगळ्याच अळ्या आणल्या. त्यांतून जे डास निघाले त्यांच्या पंखांवर ठिपके होते. आज आपण त्यांना अ‍ॅनॉफिलिस म्हणतो. रुग्णालयात हुसेनखान नावाचा हिवतापाचा रोगी होता. १६ ऑगस्टला त्याला मच्छरदाणीत निजवून हे डास आत सोडले. त्याला एका डासामागे एक आणा मिळे. मग एकेक दिवसाने एकेक डास कापला जाऊ लागला. काही मेले, काही वाया गेले. २० ऑगस्ट १८९७ रोजी, दुपारी, दोन-चारच डास शिल्लक असताना, एकाच्या पोटाच्या भिंतीत रॉस यांना एक गोलसर पेशी दिसली. डासाच्या पोटात तसली पेशी असण्याचे कारण नव्हते. आणि तिच्यात काळपट कण होते, अगदी हिवतापाच्या परोपजीवीत असतात तसेच. दुसऱ्या दिवशी आणखी एक डास कापला, तर त्याच पेशी आदल्या दिवसापेक्षा मोठ्या झालेल्या. म्हणजे जीव डासाच्या पोटात वाढत होता! त्या रात्री रॉस यांनी ईश्वराचे आभार मानणारी एक कविता लिहिली. तिच्या काही ओळी आज कोलकात्याच्या स्मारकावर कोरलेल्या आहेत. २० ऑगस्ट हा दिवस जगात डास दिन म्हणून पाळला जातो.

येथवर आलेला मनुष्य महिन्याभरात काम पुरे करील, असे आपणास वाटेल. पण सरकारी खात्याची रीत निराळी. सप्टेंबरातच त्यांच्या बदलीचा हुकूम आला. त्यांना राजपुतान्यात खेरवाडा येथे धाडण्यात आले. तेथे हिवताप जवळजवळ नव्हताच! डिसेंबरात त्यांचा शोध ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला, आणि लेखक मात्र रोग्यावाचून बसलेला. मॅन्सन यांनी लंडनहून खटपट केली, तेव्हा १८९८ च्या प्रारंभी त्यांना कलकत्त्याची प्रयोगशाळा मिळाली. या दोघांनी त्या काळात एकमेकांना शंभराहून अधिक पत्रे लिहिली. गुरू समुद्रापलीकडे, शिष्य इकडे, आणि पत्र पोहोचायला आठवडे लागत. पण तेवढ्या पत्रांनी एक शोध तडीस गेला.

कलकत्त्यात माणसांवर प्रयोग करणे जमेना, म्हणून त्यांनी पाखरे धरली. चिमण्यांनाही एक प्रकारचा हिवताप होतो. आजारी चिमणीला चावलेल्या डासांच्या शरीरात त्यांनी त्या जंतूचा पायरी-पायरीने माग घेतला, आणि जुलै १८९८ मध्ये तो माग डासाच्या लाळग्रंथीत जाऊन थांबला. सारे कोडे क्षणात सुटले. डास पाण्यात मरून रोग देत नाही. तो चावताना लाळेबरोबर रोग टोचतो. मग निरोगी चिमण्यांना त्या डासांकडून चावविले, आणि त्या आजारी पडल्या. त्याच महिन्यात एडिंबरोच्या वैद्यक परिषदेत मॅन्सन यांनी ही वार्ता जाहीर केली.

या कामात त्यांचा सोबती होता महंमद बक्ष. डास पकडणे, पोसणे, चिमण्या सांभाळणे, त्यांच्या पिंजऱ्यांशी रात्र काढणे, हे त्याने केले. रॉस यांनी आपल्या आठवणींत त्याचे नाव घेतले आहे, हे त्यांच्या पदरी टाकले पाहिजे. पण नोबेल पारितोषिकाच्या इतिहासात हुसेनखान किंवा महंमद बक्ष कोण शोधतो? सिकंदराबादेत ठिपकेदार पंखांच्या अळ्या आणणाऱ्या नोकराचे तर नावही आम्ही आपणास सांगू शकत नाही. देवळाचा कळस सर्वांना दिसतो. पायाचा दगड मातीत असतो.

दुसरीही एक बाजू प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. माणसाच्या हिवतापाचा संपूर्ण फेरा अ‍ॅनॉफिलिस डासात पूर्ण होतो, हे १८९८ च्या अखेरीस इटलीत ग्रासी, बिन्यामी आणि बास्तियानेल्ली यांनी सिद्ध केले. श्रेय कोणाचे, यावरून रॉस आणि ग्रासी यांच्यात जे भांडण जुंपले ते दोघांनीही आयुष्यभर चालविले, आणि त्यात रॉस यांची लेखणी मुळीच सौम्य नव्हती. ज्या मॅन्सन यांनी हात धरून वाटेवर आणले त्यांच्याशीही पुढे त्यांचे बिनसले. मोठ्या माणसांना मोठेच दोष असतात, असे म्हणून आपण ते सोडून देतो. आम्हांस वाटते, सोडू नये. ज्ञान मिळविणे आणि मान मिळविणे यांत ज्याने गल्लत केली त्याला शांती मिळाली नाही, हा पाठही त्यांच्याच चरित्रातला आहे.

१८९९ साली त्यांनी हिंदुस्थान सोडला आणि नव्यानेच निघालेल्या लिव्हरपूलच्या उष्णकटिबंधीय वैद्यक विद्यालयात ते अध्यापक झाले. पुढे तेथेच प्राध्यापक. १९०१ मध्ये रॉयल सोसायटीचे सभासदत्व, १९०२ मध्ये वैद्यकाचे नोबेल पारितोषिक, १९११ मध्ये 'सर' ही पदवी. नोबेल मिळविणारे ते पहिले ब्रिटिश. पण बंधुभगिनींनो, पदव्यांची यादी वाचण्यासाठी आम्ही हे चरित्र निवडले नाही. पारितोषिकानंतरच्या तीस वर्षांत ते काय सांगत राहिले, आणि लोकांनी ते का ऐकले नाही, हा आमचा खरा विषय आहे.

ते सांगत होते ते असे: रोग डासाने येतो हे कळले, तर मग डास जेथे निपजतो तेथे घाव घाला. डबकी बुजवा, गटारे वाहती करा, साठलेले पाणी ओतून द्या किंवा त्यावर तेलाचा थर द्या. नुसत्या कोयनेलच्या गोळ्या वाटून भागणार नाही. सिएरा लिओनमधील फ्रीटाउन, सुएझ कालव्यावरील इस्माइलिया, मॉरिशस, अशा ठिकाणी ते स्वतः गेले. इस्माइलियात वर्षाला हजाराहून अधिक माणसे हिवतापाने पडत. कालवा कंपनीने १९०२ साली त्यांना बोलाविले, त्यांनी सांगितले तसे पाण्याचे साठे नाहीसे केले, आणि थोड्याच वर्षांत तो आकडा शंभराच्या आत आला. पनामाचा कालवा खणताना अमेरिकनांनी हाच मार्ग धरला, आणि तो कालवा १९१४ साली खुला झाला.

याच्या उलट गोष्ट आपल्याकडची. लाहोरजवळ मियांमीर नावाच्या छावणीत १९०२ पासून डासनिर्मूलनाचा प्रयोग झाला. तो फसला असे जाहीर झाले, आणि हिंदुस्थान सरकारने डासांचा नाद पुष्कळ अंशी सोडून दिला. रॉस संतापले. त्यांचे म्हणणे होते की, पैसा अपुरा, माणसे अपुरी, क्षेत्र अपुरे. मग अपयश कोणाचे, उपायाचे की कंजूषपणाचे? बंगलोरचे पिंप त्यांना येथे पुन्हा आडवे आले.

आता त्यांचे गणित. लोक विचारीत, "सारे डास कोण मारणार? ते अशक्य आहे." रॉस यांनी कागद-पेन्सिल घेतली आणि दाखवून दिले की सारे डास मारण्याची गरजच नाही. आपल्या सभेत व्यापारी मंडळी पुष्कळ आहेत, म्हणून त्यांच्या भाषेत सांगतो. ज्या धंद्यात रुपया घातला की सव्वा रुपया परत येतो तो वाढत जातो. ज्यात रुपया घालून बारा आणेच परत येतात तो, दुकानाला कोणी टाळे न लावताही, आपोआप बसतो. रोगाचेही तसेच. एका रोग्यापासून सरासरी एकाहून अधिक नवे रोगी होत असतील तर साथ वाढते. एकाहून कमी होत असतील तर ती विझत जाते. डासांची संख्या एका ठरावीक मर्यादेखाली आणली की पुरे. १९११ च्या सुमारास त्यांनी हे समीकरणांत मांडले. २०२० साली करोनाच्या दिवसांत एका रोग्यामागे किती रोगी हा आकडा आपण रोज वर्तमानपत्रात वाचीत होतो. त्या विचाराच्या मुळाशी ज्या थोड्या माणसांचे काम आहे त्यांत मद्रासच्या छावणीत रिकाम्या वेळी गणित करीत बसलेला हा डॉक्टर आहे.

उत्तरायुष्य सुखाचे झाले नाही. १९१२ साली ते लंडनला आले. महायुद्ध सुरू होताच ऑगस्ट १९१४ मध्ये त्यांचा थोरला मुलगा फ्रान्समध्ये ल कातोच्या लढाईत पडला. पैशाची चणचण होती. देवीची लस काढणाऱ्या जेन्नरला पार्लमेंटने एके काळी ३०,००० पौंड दिले होते, तेव्हा आपल्यालाही काही द्यावे, असा त्यांनी अर्ज केला. तो मानला गेला नाही. १९२३ साली त्यांच्या आठवणी प्रसिद्ध झाल्या. १९२६ साली लंडनमध्ये पटनी येथे त्यांच्या नावाची संस्था आणि रुग्णालय निघाले. आणि १९२८ साली या वृद्धाने आयुष्यभर जपलेले आपले कागद आणि पत्रे विकायला काढली. एका धनिक बाईंनी २,००० पौंडांना ती घेतली. १९३१ साली पत्नी गेली. १६ सप्टेंबर १९३२ रोजी स्वतःच्याच नावाच्या रुग्णालयात रॉस यांनी शेवटचा श्वास घेतला.

त्यांच्या मागे काय झाले? स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात वर्षाला साडेसात कोटी माणसे हिवतापाने आजारी पडत आणि आठ लाख मरत, असा अंदाज आहे. १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. घराघरांतून डी.डी.टी. फवारली गेली. भिंतीवर फवारणीची तारीख लिहून जाणारी ती माणसे आपल्यातील वडीलधाऱ्यांना आठवत असतील. १९६५ पर्यंत रोगी एक लाखाच्या आसपास आले. सर्वांना वाटले, संपला हिवताप. हात सैल पडले, डास औषधाला दाद देईनासे झाले, आणि १९७६ साली रोग्यांचा आकडा चौसष्ट लाखांवर गेला! पुढे पुन्हा कष्टाने तो खाली आणावा लागला. आजही जगात २०२३ या एका वर्षात सुमारे सहा लाख माणसे हिवतापाने गेली. त्यांत बहुतेक आफ्रिकेतली लहान मुले. समाधानाची गोष्ट ही की, ऑक्सफर्ड विद्यापीठाने तयार केलेल्या आणि आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनविलेल्या हिवतापावरील लशीची जागतिक आरोग्य संघटनेने त्याच वर्षी शिफारस केली. सिकंदराबादेत सुरू झालेल्या गोष्टीचा एक धागा असा पुण्यापर्यंत आला.

आता पिंपाकडे परत येतो.

गेल्या पावसाळ्यात आमच्या सात वर्षांच्या नातीला ताप भरला. अंग दुखे, डोळ्यांमागे ठणका. तिसऱ्या दिवशी डेंग्यू असल्याचे निश्चित झाले. रक्तातील प्लेटलेट उतरत गेल्या. पाच रात्री घरातील कोणी झोपले नाही. पोर वाचली, ही परमेश्वराची कृपा आणि डॉक्टरांचे कष्ट. ती घरी आली त्या आठवड्यात महानगरपालिकेचा एक तरुण कामगार दारी आला आणि गच्ची पाहू द्या म्हणाला. आम्ही त्याला, खरे सांगतो, थोडे त्रासूनच वर नेले. आमच्या घरात काय पाहणार, असा आमचा भाव. गच्चीच्या कोपऱ्यात झाकण तुटलेले एक प्लास्टिकचे पिंप होते. पाणी जाते-येते, अडीअडचणीला असावे म्हणून आम्हीच ते भरून ठेवले होते. त्याने बॅटरीचा झोत आत टाकला आणि नुसते आमच्याकडे पाहिले. पाण्यात अळ्या वळवळत होत्या. शेकड्यांनी.

चौतीस वर्षे आम्ही वर्गात फळ्यावर डासाची अंडी, अळी, कोष, डास असे चित्र काढले. २० ऑगस्टची गोष्ट दर वर्षी मुलांना सांगितली. आणि आमच्या डोक्यावर, आमच्याच पिंपात, आमच्या नातीचा ताप वाढत होता. डेंग्यूचा डास निराळ्या कुळाचा आहे. तो दिवसा चावतो आणि घरातल्या साठवणीच्या पाण्यातच निपजतो. पण पिंप तेच. बंगलोरच्या त्या अधिकाऱ्याला आपण मघाशी हसलो. तो निदान मोकळेपणाने म्हणाला तरी होता की, मी रिकामे करणार नाही!

म्हणून अमृतमहोत्सवाच्या या प्रसंगी विश्वस्त मंडळींपुढे आमची एक विनंती आहे. महोत्सवी निधीतून सभागृहाचा दर्शनी भाग संगमरवरी करावा, असा विचार चालू असल्याचे आम्ही ऐकतो. तो करावा, शोभेलाही मोल आहे. पण त्यातला काही भाग राखून ठेवावा, आणि जून ते नोव्हेंबर दर आठवड्याला आपल्या सभासदांच्या घरांतून, धर्मशाळेतून, वसतिगृहातून आणि दवाखान्याच्या आवारातून फिरतील अशी दोन माणसे पगारी नेमावीत. त्यांनी टाक्यांची झाकणे पाहावीत, कूलरचे आणि कुंड्यांखालच्या ताटल्यांचे पाणी ओतावे, पाखरांसाठी ठेवलेली वाडगी धुवावीत. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. आठवड्यातून एकदा पाणी मोडले की फेरा तुटतो. एवढे साधे आहे हे. त्यात सबंध शहराचे डास जाणार नाहीत. पण रॉस यांचे गणित सांगते की सारे जायची गरजच नाही. मियांमीरची चूक मात्र करू नये. करायचे तर एक पावसाळा करून सोडून देऊ नये.

या कामात एक मोठी अडचण आहे, तीही सांगून टाकतो. दवाखान्यात खाट दिली तर तिच्यावर देणगीदाराचे नाव लिहिता येते. उपड्या केलेल्या पिंपावर कोणाचे नाव लिहिणार? जो ताप आलाच नाही त्याचे आभार कोणी मानीत नाही. रॉस यांच्या कडवटपणाचे एक कारण हेच होते, असे आम्हांस वाटते. त्यांना सन्मान मिळाले, पण ज्या कामासाठी ते झुरत होते ते लोकांनी अर्धवट केले. महंमद बक्षाला तर सन्मानही मिळाला नाही. तरी त्याने पिंजरे सांभाळले. आपल्या संस्थेच्या संस्थापकांनी कोयनेलच्या गोळ्या वाटल्या तेव्हा त्यांनीही नावाकडे पाहिले नव्हते. जुन्या वहीत देणगीदारांच्या जागी कित्येक ठिकाणी नुसते 'एक सद्गृहस्थ' एवढेच लिहिलेले आहे.

अशा एका सद्गृहस्थाची या निधीला गरज आहे. आमच्या निवृत्तिवेतनातून जी फूल ना फुलाची पाकळी होईल ती आम्ही आजच चिटणीसांच्या हाती दिली आहे. आमची नात पहिल्या रांगेत बसली आहे. आता दर रविवारी सकाळी आजोबांना गच्चीवर नेऊन पिंप दाखवायला लावणे, हे तिने स्वतःकडे घेतले आहे, आणि त्यात ती आमची गय करीत नाही.

घरी गेल्यावर, जेवण्यापूर्वी, एकदा गच्चीवर जाऊन यावे.